चिमणाबाईची गल्ली

३० सप्टेंबर, मंगळवार

डायरी साखर कारखान्याची, मागल्या सालची. कोरीच पडली होती. छापलेला वार खोडून आजचा घातला, म्हणजे सुरुवातच खाडाखोडीनं. शाळा सहावीपर्यंत, अक्षर वाईट, पण लिहिणं भाग आहे. काल जे दिसलं ते खरं होतं की माझ्या डोक्यातलं, हे पुढं मलाच तपासावं लागणार.

बाहेरच्या खोलीतलं चित्र काल फ्रेमवाल्याकडून परत आलं. घट बसायच्या आधी सगळं घर धुऊन काढायची आमच्याकडं रीत आहे. गाद्या-गोधड्या पंचगंगेवर जातात, डबे उन्हात जातात, देवांच्या तसबिरी फ्रेममधून काढून ओल्या फडक्यानं पुसतात. माझी सून संयोगिता कामाला वाघीण आहे, एक कोपरा कोरडा सोडत नाही. मी त्या दिवशी वाडीला थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं गेलो होतो. परत आलो तर भिंतीवर नुसता पांढरा चौकोन. म्हणाली, काच तडकली मामा, बसवायला दिलीय. डोळे लाल होते. चुन्याची धूळ गेली म्हणाली.

चित्र चिमणाबाईचं, माझ्या बायकोचं. ती मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथली मॅडम कायमची मायदेशी गेली तेव्हा तिला देऊन गेली. मॅडमच्या वडिलांनी काढलेलं, त्यांच्या शहरातली जुनी गल्ली. पाण्याचे रंग. दोन्ही अंगांना उंच घरं, वरचे मजले रस्त्यावर झुकलेले, समोरासमोर बसून कुजबुजत असल्यासारखे. डावीकडं पाण्याचा हौद. शेवटी चर्च, त्याचं टोक पिवळ्या धुक्यात गेलेलं. दिवस मावळतीला आलेला आणि फरशीवर ओल. त्या ओल्या फरशीवर मधोमध, पाठमोरी, लाल शाल पांघरून, हातात वेताची बुट्टी घेऊन चर्चकडं चाललेली एक बाई. करंगळीच्या नखाएवढी. चिमणाबाई म्हणायची, "ही मी. ड्यूटीवर निघालीय." बिचारी वाडीच्या पलीकडं कधी गेली नाही, पण त्या गल्लीत रोज जाऊन यायची. ती वारली तरी मी सकाळी चहा घेताना त्या बाईकडं बघतो. त्यात वेडेपणा नाही. सवय आहे.

काल चित्र टांगलं. ती बाई नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

घरात सगळ्यांना विचारून झालं. अमरसिंह, माझा मुलगा, शिरोलीच्या कारखान्यातून दमून येतो, त्याला चित्राचं काय. बूट काढता काढता म्हणाला, "आबा, असली बाई मी तर कधी बघितलीच न्हाय." जन्मापासून ते चित्र त्याच्या डोक्यावर टांगलेलं आहे. संयोगिता गॅसकडं वळली. नात तेजस्वी मात्र फार खोलात शिरली. शाल कुंकवासारखी लाल की विटक्या रंगाची, बाई केवढी, बुट्टी कुठल्या हातात. पोरगी चित्रकलेच्या कॉलेजात आहे, तिला चौकशीची आवड असणारच.

सोनं घेऊन वाडीला गेलो. दर गुरुवारी जातो. दत्ताच्या दर्शनाला गर्दी असते, म्हणून आक्काचा मुलगा सम्राट आणि त्याची बायको पेढ्याच्या दुकानात अडकून पडतात. आक्काला मी जेवू घालतो. आक्काचं डोकं आता चालत नाही. पोटच्या पोराला पावणं म्हणते, चहा घेतला का विचारते. मला तेवढं "बाळू" म्हणून ओळखते आणि गुरुवारी माझ्या हातून पोटभर जेवते. इतर दिवशी दोन घास खाऊन ताट सारते.

येताना यष्टीत तेच मनात. आक्काचं सुरू झालं ते असंच. आधी म्हणाली, माझा चष्मा कुणी बदलला. मग म्हणाली, ही शेजारीण नवीन आहे. सगळे हसले होते, मीसुद्धा. आता माझी पाळी असेल तर वाडीला कोण जाणार?

४ ऑक्टोबर, शनिवार

एकाएकी सुचलं की फ्रेमवाल्याकडं चित्रांची अदलाबदल झाली असणार. लगेच तिकटीवरच्या त्याच्या दुकानात गेलो. मुजम्मिल आमच्या फौंड्रीतल्या माणसाचा मुलगा, लहानपणापासून ओळखतो. माझं तोंड बघून त्यानं चहा सांगितला. नको म्हटलं तरी सांगितला. मी म्हटलं, मुजम्मिल, माझं चित्र दुसऱ्याला गेलं आणि दुसऱ्याचं मला आलं. तो काचेचे तुकडे गोळा करत बसला. मग म्हणाला, "काका, मी काच बसवली आन् खिळं मारलं. कागद वैनींनीच आणून दिलता. त्याच्या म्होरं मला इचारू नका, मी गरीब माणूस हाय."

यात गरिबीचा संबंध कुठं आला ते कळलं नाही. चहा गोड फार होता.

घरी येऊन फ्रेम उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर मॅडमची पेन्सिलीतली अक्षरं आहेत, मोडक्या मराठीत: "चिमणा साठी". म्हणजे चित्र तेच. उभा जन्म फौंड्रीत साचे भरण्यात गेला. एकाच पॅटर्नवरून, म्हणजे लाकडी नमुन्यावरून, दोन तऱ्हेचे नग निघत नाहीत. पॅटर्न बरोबर असेल तर बघणाऱ्याचा डोळा बिघडला.

बीपीची गोळी घेतली का आठवेना. मोजल्या तर घेतलेली होती.

५ ऑक्टोबर

तेजस्वी मोबाइलमध्ये तिच्या वाढदिवसाचा फोटो मोठा करकरून बघत होती. सगळे चित्राखाली उभे आहोत तो. तिच्या बापाचं डोकं नेमकं चित्राच्या मधे आलंय म्हणून त्याच्यावर चिडली. बाप म्हणाला, मग डोकं काय खिशात घालू? एवढ्याशा गोष्टीवरून पोरगी जेवली नाही. आजकालच्या पोरांचं काही कळत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

हे लिहू की नको. लिहितो.

काचेच्या आत डाग राहिलाय म्हणून संयोगितानं सोमवारी चित्र परत नेलं होतं. मला डाग दिसला नव्हता, पण माझ्या दिसण्याचं आता काय सांगावं. आज आणलं. मी मुद्दाम चहा संपेपर्यंत वर बघितलं नाही. मग बघितलं.

बाई परत आली आहे. पण मधे नाही. डावीकडं, पाण्याच्या हौदाशी उभी आहे. आणि पाठमोरी नाही. वळली आहे. तोंड आपल्याकडं. तीळभर तोंड, पण नाक चिमणाबाईचं.

रिकामी बशी हातातच राहिली. इतकी वर्षं ती पाठ करून चालली होती. आता थांबून बघते आहे. माझ्याकडं का बघते?

तेजस्वी दारात उभी होती. "आजोबा, सापडली न्हवं?" म्हणाली. तिच्या तोंडावर इतकी आशा होती की मी हो म्हटलं. तिच्या नखांत लाल रंग होता. कॉलेजात दिवसभर रंगांतच हात असतात.

संध्याकाळी राहवलं नाही. अमरसिंहला बाजूला घेऊन सांगितलं की तुझी आई चित्रात वळली. त्यानं टीव्ही बंद केला. टीव्ही बंद केला तेव्हाच मला कळलं की सांगायला नको होतं. रिमोट टेबलावर ठेवून म्हणाला, "आबा, आत्याचं बी असंच झालतं." मग डॉक्टरांचं बोलला, डोक्याच्या. दिवाळीच्या तोंडावर, पुढल्या शनिवारची वेळ मिळाली. आणि तोवर वाडीला एकट्यानं जायचं नाही. मी म्हटलं, तो रस्ता मला पाठ आहे. तो म्हणाला, "भलत्याच गाडीत बसलासा तर आमी कुठं हुडकायचं?"

भलत्याच गाडीत बसणारा माणूस, मी बरोबर गाडीत बसलोय असंच म्हणत असतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो नाही. जेवताना सम्राटचा फोन आला. आक्कानं ताटाला हात लावला नाही, बाळू कुठं विचारते आहे, दाराकडं तोंड करून बसली आहे. फोन मोठ्या आवाजात होता, घरभर ऐकू गेला. संयोगिता वाढता वाढता थांबली आणि आत गेली. तीही जेवली नाही. या घरात आता कोणीच जेवत नाही.

१२ ऑक्टोबर

नवरात्रात संयोगिता अनवाणी असते, तशा पुष्कळ बायका असतात. दसऱ्याला चपला घालतात. हिनं अजून घातल्या नाहीत. मंडईत अनवाणी, गिरणीत दळपाला अनवाणी. टाचा फुटून भेगा पडल्यात. आज विचारलं, तर अंबाबाईला बोललेय, अजून फिटलं नाही म्हणाली. काय बोलली आहे ते सांगेना. त्याचीही मला काळजी. गुडघे धरतील तिचे.

दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मामा, त्या चित्राचं..." एवढं म्हणाली आणि थांबली. मी आधीच वैतागलेला. म्हटलं, तूसुद्धा माझं डोकं गेलं असंच सांगायला आली असशील तर नको. ती रडत उठून गेली. मी वाईट बोललो नव्हतो. निदान मला तसं वाटत नाही.

रोज ती बाई बघते. मी चहाची जागा बदलली आहे. आता भिंतीकडं पाठ करून बसतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज पुष्कळ लिहायचं आहे आणि क्रम लागत नाही. सकाळपासूनचं लिहितो.

एक विचार चार दिवस डोक्यात होता. ती बाई कुठं होती हे मी आणि चिमणाबाई सोडून फक्त एका माणसाला माहीत होतं. आक्काला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती पावसाळाभर आमच्याकडं होती. दोघी चित्राखाली तांदूळ निवडत बसायच्या. आक्का चिडवायची, "चिमणे, आज ड्यूटीला उशीर झाला बघ, हाय तितंच हाईस." तेव्हा साक्षीदार उरली ती आक्का. आता तिला मुलगा आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

एकट्याला सोडणार नाहीत म्हणून तेजस्वीला म्हटलं, चल. तिनं कॉलेज बुडवलं. चित्र चिमणाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घेतलं. पोरीनं विचारलं कशाला, मी म्हटलं साक्षीला. तिनं लुगड्याची गाठ घट्ट केली. यष्टीत चित्र मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, आजोबा, देव घेऊन चाललाय का? मी म्हटलं, माणसं आहेत.

आक्का दाराकडं तोंड करूनच बसली होती. "बाळू, किती उशीर," म्हणाली. एका आठवड्याचा उशीर, पण तिला तो सकाळचा वाटत असावा. दहीभात कालवला, ती खाऊ लागली. निम्मं झाल्यावर चित्र तिच्या पुढ्यात धरलं. विचारलं काही नाही. साक्षीदाराला पढवायचं नसतं.

तिनं पुष्कळ वेळ बघितलं. आधी म्हणाली, ही वाडीतली गल्ली का? मग चर्चच्या टोकावरून बोट खाली आणलं, घरांच्या मधून, फरशीवरून, आणि मधोमध थांबवलं. बोटाला भात होता, काचेला लागला.

"हितं हुती की. पाठमोरी. कुठं गेली चिमणा?"

आक्कानं हौदाजवळच्या बाईकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या. "आन् ही कोण? ही आमच्यातली न्हवं."

मागं तेजस्वी हमसून हमसून रडत होती. आक्का तिला म्हणाली, पावणं, रडू नका, भात खावा.

मला आनंद झाला, मग लगेच भीती वाटली. आक्काची साक्ष धरावी तर थोड्या वेळानं तिनंच सांगितलं की तिचे मालक नदीवर अंघोळीला गेलेत, येतीलच. ते वारल्याला किती काळ लोटला. डोकं गेलेली बाई म्हणते माझं डोकं ठिकाणावर आहे. हे मी कुणाला जाऊन सांगू?

परतीच्या गाडीत तेजस्वीनं माझा हात धरून ठेवला होता. म्हणाली, "आजोबा, तुमचं डोकं चांगलं हाय. आमचंच न्हवतं." पोरगी मायाळू आहे, समजूत काढते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून अमरसिंह, संयोगिता आणि तेजस्वी बोलत होते. अमरसिंहचा आवाज एकदा चढला, "म्हंजे मी आबास्नी डॉक्टरकडं नेणार हुतो, आन् तुमी दोघी..." पुढं खाली आला. ऐकू येईना. कढईत शंकरपाळे जळल्याचा वास आला.

मग तो बाहेर आला आणि चित्रासमोर उभा राहिला. खूप वेळ. हे चित्र त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असं मला वाटलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "उद्या डॉक्टर न्हाय, आबा. भाऊबीजेला तुमी एकटं जावा."

मी म्हटलं, आणि भलत्या गाडीत बसलो तर? त्यानं माझ्या पायाला हात लावला. असं तो दिवाळीच्या अंघोळीनंतर करतो, आज तर अंघोळ झालेली नव्हती.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी संयोगिता आली आणि खाली बसली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं भेंडोळं होतं. वर्तमानपत्राच्या कडेला आतून रंग फुटला होता. राखाडी, पिवळा, आणि एका ठिकाणी लाल. ओलं फडकं फिरवल्यावर फुटतो तसा.

तिचे हात भेंडोळं सोडवत होते, पण दोरा सुटेना. मी तिच्या पायांकडं बघत होतो. भेगांत मंडईतली माती बसलेली. घट बसल्यापासून अनवाणी. घर धुतलं तेव्हापासून. मी वाडीला गेलो होतो तेव्हापासून.

डोक्यात काहीतरी गोल फिरलं आणि बसलं. नीट मांडता येत नाही. चिमणाबाई गेली असं एकदा झालं होतं, तसंच पुन्हा झालं, पण या वेळी मला रडूही आलं नाही. समोर ती पोर दोऱ्याशी झटत होती.

मी तिला भेंडोळं उलगडू दिलं नाही. म्हटलं, "ऱ्हाऊ दे ते. आधी चपला घाल."

ती तशीच बसून राहिली. मग मीच उठून दारातल्या चपला आणल्या. धूळ बसली होती, धोतरानं पुसल्या. कोरड्याच पुसल्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

तेजस्वीनं चित्र फ्रेममधून काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, आजोबा, बोट ठेवा. मी ठेवलं, आक्कानं ठेवलं होतं तिथं. तिनं लाल रंग कालवला. दगडाचा राखाडी रंग तर आधीच कालवून वाळलेला होता, पाण्याचा थेंब टाकताच जागा झाला. मी बघितलं आणि काही बोललो नाही.

मी सांगत गेलो. आणखी खाली. डावा खांदा थोडा पडलेला, बुट्टीच्या वजनानं. मान सरळ. चिमणाबाई कधी मान खाली घालून चालली नाही, मॅडमपुढंसुद्धा. पोरगी श्वास धरून काढत होती. संयोगिता खिडकीशी उभी होती, चपला घालून, घरातसुद्धा.

झाल्यावर तेजस्वी रडवेली झाली. हौदाजवळची बाई आता नको होती, पण ती जाईना. हा रंग पुसायला गेलं की कागद खराब होतो म्हणाली. आणि एकदम ओठ चावला. संयोगितानं तोंड खिडकीबाहेर फिरवलं.

मी म्हटलं, मग पुसायचं कशाला. गल्ली आहे, तिथं दुसरी बाई नसेल का?

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

एकटा गेलो. बरोबर गाडीत बसलो. तरी दोनदा कंडक्टरला विचारलं.

आक्कानं ओवाळलं. मधेच ताट हातात धरून थांबली, आता काय करायचं ते आठवेना. मी तिचा हात धरून फिरवला. ताटात ओवाळणी घातली, लुगडं दिलं. मग बरोबर आणलेलं चित्र बाहेर काढलं.

चिमणाबाईवर तिनं लगेच बोट ठेवलं. "आली व्हय ड्यूटीवर." मग हौदाकडं. "ही कोण?"

मी म्हटलं, "तू."

"मी?" ती चित्रावर इतकी वाकली की नाक काचेला लागलं. "लाल शाल कुणी दिली मला? आन् मी कुठं चाललीय?"

"कुठं न्हाय. चिमणाची ड्यूटी सुटंस्तोवर उभी हाईस."

ती हसली. दात नाहीत, तरी लहानपणी शेतात हसायची तशीच. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, ही कोण, आणि मी पुन्हा सांगितलं, आणि ती पुन्हा पहिल्यासारखीच खूश झाली. दुपारभर असं चाललं. मधे मधे मलाच गोंधळल्यासारखं व्हायचं, की ही बाई आधीपासून तिथंच होती की काय.

चित्र तिच्यासमोर भिंतीला टेकून ठेवलं आणि भात कालवला. तिकडं बघत बघत आक्का सगळा जेवली.